पॉलिनचे नातेवाईक

कॅन्सरच्या इतिहासात डॉक्टरांची आणि शास्त्रज्ञांची नावं भरपूर सापडतात. रुग्णांची सहसा सापडत नाहीत. सापडलीच तर एखादं आद्याक्षर किंवा केस नंबर. आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तर त्यात जागाच नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेली, डबा घेऊन आलेली, रक्ताच्या बाटलीसाठी धावपळ करणारी माणसं ती! त्यांचा कसला इतिहास?

पण आहे. कॅन्सरबद्दलची एक फार मोठी गोष्ट डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितली ती याच माणसांनी. दुर्दैव असं की त्यातून जे ज्ञान तयार झालं ते त्यांच्यापर्यंतच अजून नीट पोचलेलं नाही. म्हणून हा लेख.

सुरुवात १८९५ सालापासून करू. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲन आर्बर नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे ऑल्ड्रेड स्कॉट वॉर्थिन नावाचे एक तरुण डॉक्टर होते. पुढे ते पॅथॉलॉजीचे नावाजलेले प्राध्यापक झाले. त्यांची आणि पॉलिन ग्रॉस नावाच्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका बाईंची ओळख झाली. बाई उदास दिसत. का, म्हणून विचारल्यावर त्यांनी सांगितलं, की मला आज काही झालेलं नाही, पण मी लवकर जाणार. आमच्या घरातली माणसं आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर बायकांच्या आतल्या अवयवांच्या कॅन्सरनेच जातात. मीही तशीच जाणार.

असं कुणी म्हणालं की आपण काय करतो? "काहीतरीच काय बोलता!" म्हणून विषय बदलतो. वॉर्थिननी तसं केलं नाही. त्यांनी ते खरं धरलं आणि त्या घराण्याची माहिती जमवायला घेतली. अर्थात माहिती त्यांच्याकडे कुठून असणार? ती होती पॉलिनकडे. कोण कुणाचा कोण, कोण किती वर्षांचा असताना गेला, कशाने गेला... हे सगळं तिने नातेवाइकांकडून मिळवून त्यांना दिलं. तिचे पूर्वज जर्मनीहून अमेरिकेत आलेले. १९१३ साली वॉर्थिननी हा अभ्यास छापला. घराण्याचं नाव न देता नुसतं 'जी कुटुंब' म्हटलं. कॅन्सर झालेल्या एका आजोबांच्या ४८ वंशजांपैकी १७ जण कॅन्सरने मेले होते किंवा कॅन्सरसाठी त्यांचं ऑपरेशन झालं होतं.

१९१९ साली पॉलिन गेली. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरने. म्हणाली होती तशीच.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग हा वाटतो, की इथे सगळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. बाईने सांगितलं, डॉक्टरने ऐकलं, लिहिलं, छापलं. मध्ये चोवीस वर्षं गेली. तरी तिच्यासाठी कुणी काही करू शकलं नाही, कारण करण्यासारखं हातात काही नव्हतंच. एक्स-रेचा शोधसुद्धा १८९५ सालच्या नोव्हेंबरातला. आतड्यात डोकावून बघायची सोय पुढची कित्येक दशकं व्हायची होती. ज्ञान होतं, उपाय नव्हता.

आज नेमकं उलटं झालं आहे. उपाय आहेत. सांगणारं आणि ऐकणारं माणूस कमी पडतं.

पॉलिनच्या आधीही हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पॉल ब्रोका हे फ्रान्समधले प्रख्यात शल्यचिकित्सक. मेंदूतल्या वाचेच्या केंद्राला त्यांचंच नाव आहे. त्यांनी १८६६ साली गाठींवरच्या आपल्या ग्रंथात एका घराण्याची हकीकत दिली. १७८८ ते १८५६ या काळात त्या घरातल्या एकामागून एक बायका स्तनाच्या कॅन्सरने गेल्या होत्या. ब्रोकांनी मूळ बाईला 'मादाम झेड' म्हटलं. ते घराणं होतं त्यांच्या स्वतःच्या बायकोचं! इतक्या मोठ्या डॉक्टरलाही ते नाव उघड लिहावंसं वाटलं नाही. मग आपल्या आजी-पणजीने ते कुणाला सांगितलं नाही, याचं नवल कसलं?

आणि लपवण्यामागे भीती होती ती अगदीच खोटी नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकता या शब्दाबरोबर 'चांगलं रक्त, वाईट रक्त' ही भाषा आली. सदोष मानलेल्या माणसांना मुलंच होऊ नयेत, अशी चळवळ अमेरिकेत आणि युरोपात चांगली फोफावली. जर्मनीत १९३३ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदाच झाला. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. महायुद्धानंतर या विषयाला हात लावायलाही लोक कचरू लागले. त्यातच तंबाखू, रसायनं, विषाणू यांचे कॅन्सरशी असलेले संबंध एकेक करून सापडत होते. घराण्यांच्या हकीकती मागे पडल्या. वॉर्थिनचे कागद मिशिगनच्या कपाटात पडून राहिले.

लंडनमध्ये मात्र याच काळात एक शांत, चिवट काम सुरू होतं.

सेंट मार्क्स हॉस्पिटल हे आतड्यांच्या विकारांसाठीचं जुनं रुग्णालय. तिथले सर्जन लॉकहार्ट-ममरी यांच्या लक्षात आलं, की एक विशिष्ट आजार ठरावीक कुटुंबांमध्येच दिसतो. या आजारात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर शेकडो, कधी हजारो पॉलिप, म्हणजे मांसाचे बारीक कोंब उगवतात. सुरुवात बहुधा पौगंडावस्थेत होते, आणि काही केलं नाही तर चाळिशीच्या आसपास त्यातल्या एखाद्याचा कॅन्सर होणार हे जवळजवळ ठरलेलं. १९२४ साली तिथे अशा कुटुंबांची नोंदवही सुरू झाली. पॅथॉलॉजिस्ट कथबर्ट ड्यूक्स आणि त्यांच्या प्रयोगशाळेत पोरसवदा वयात नोकरीला लागलेले बसी यांनी ती वही पुढे कित्येक दशकं सांभाळली.

या वहीत रुग्णांचे दोन प्रकार पडत गेले. एक, त्रास होतो म्हणून स्वतः आलेले. दुसरे, 'तुमच्या भावाला हा आजार निघाला आहे, तुम्हीही येऊन जा' असं कळवून बोलावलेले. पहिल्या प्रकारातल्या बहुतेकांना तपासणीच्या वेळी कॅन्सर झालेलाच असे. दुसऱ्या प्रकारात तो क्वचित असे. आजार तोच, घर तेच, आईबाप तेच, सर्जनही तेच! फरक एवढाच की एक जण दुखायला लागल्यावर आला आणि दुसरा बोलावल्यावर आला.

नातेवाइकांनी तपासणी का करावी, या प्रश्नाचं याहून सोपं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

आता परत अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात. १९६२ साल. हेन्री लिंच नावाचे एक शिकाऊ डॉक्टर होते. माणूस मजेशीर. सोळाव्या वर्षी वय लपवून नौदलात भरती झालेला, नंतर काही काळ पैसे घेऊन बॉक्सिंग खेळलेला. त्यांच्यासमोर एक अट्टल दारुडा रुग्ण आला. इतकी का पितोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार आहे, म्हणून पितो.

पॉलिनचंच वाक्य, सदुसष्ट वर्षांनंतर!

लिंचनीही ऐकून सोडून दिलं नाही. ॲन क्रश या समाजसेविकेला बरोबर घेऊन त्यांनी त्या माणसाचे नातेवाईक शोधले, जुने रिपोर्ट मिळवले, वंशवृक्ष काढला. त्यांनी हा अभ्यास मांडला तेव्हा मिशिगनच्या मंडळींना वॉर्थिनची आठवण झाली, आणि तिथल्या पॅथॉलॉजीच्या प्रमुखांनी ते जुने कागद लिंचच्या स्वाधीन केले. १९७१ मध्ये लिंच आणि क्रश यांनी 'जी कुटुंबा'ची पुढची हकीकत प्रसिद्ध केली. या काळात अनुदानाचे अर्ज नामंजूर होत होते. 'एकाच घरात इतके कॅन्सर म्हणजे योगायोग', 'किंवा सगळे एकाच वातावरणात राहतात म्हणून' असं सांगितलं जात होतं. लिंच चिकाटीने वंशवृक्ष काढत राहिले. पुढे तर ते अख्ख्या कुटुंबाला एका ठिकाणी जमवत. काका, आत्या, चुलत-मामे भावंडं सगळी! त्यांना आजार समजावून सांगत, प्रश्नांना उत्तरं देत, कुणी काय तपासून घ्यायचं ते ठरवून देत. एकाचा आजार म्हणजे सगळ्या घराने बसून बोलायची गोष्ट आहे, हे त्यांनी करून दाखवलं. २०१९ साली ते गेले. त्या आजाराला आज लिंच सिंड्रोम म्हणतात.

१९९० च्या दशकात जनुकं सापडू लागली आणि योगायोगाचा मुद्दा निकालात निघाला. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं, की कमी वयात होणाऱ्या आनुवंशिक स्तनाच्या कॅन्सरचं मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक, बीआरसीए-१, हाती आलं. पाठोपाठ १९९५ मध्ये बीआरसीए-२. लिंच सिंड्रोमचं पहिलं जनुक, एमएसएच-२, १९९३ मध्ये सापडलं. आणि २००० साली पॉलिनच्या घराण्यात याच जनुकातला दोष सापडला. शिवणकाम करणाऱ्या बाईने १८९५ साली जे सांगितलं होतं त्यावर एकशे पाच वर्षांनी शिक्कामोर्तब झालं.

त्याच २००० साली फिनलंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मला तो या साऱ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो. लिंच सिंड्रोमची २२ कुटुंबं घेऊन त्यातल्या धोका असलेल्या २५२ नातेवाइकांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवलं होतं. यातल्या १३३ जणांची दर तीन वर्षांनी मोठ्या आतड्याची तपासणी होत होती. ११९ जणांची झाली नाही. पंधरा वर्षांनी हिशेब असा निघाला: तपासणी करणाऱ्यांपैकी ८ जणांना आतड्याचा कॅन्सर झाला, न करणाऱ्यांपैकी १९ जणांना. आतड्याच्या कॅन्सरने मृत्यू, तपासणी करणाऱ्यांत शून्य. न करणाऱ्यांत नऊ.

शून्य आणि नऊ. लोकांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, त्यामुळे काटेकोर संशोधक त्यात थोडा हात राखून बोलतील, आणि ते योग्यच आहे. पण मला त्या नऊ जणांचा विचार सोडवत नाही. त्यांच्या घरात आजार आहे हे कळलेलं होतं. उपायही होता. १८९५ च्या पॉलिनला यातलं निम्मं तरी मिळालं असतं तर?

इथे कुणी म्हणेल, की तपासणीने कॅन्सर थोडाच थांबतो? आतड्याच्या बाबतीत बऱ्याचदा थांबतो! दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे कोलोनोस्कोपीत, पॉलिप दिसला की तो तिथल्या तिथे काढता येतो. पुढे होऊ शकणारा कॅन्सर होण्याआधीच गेला. स्तनाच्या बाबतीत तपासणीने कॅन्सर टळत नाही, पण लहान असताना सापडतो. जनुकात दोष असेल तर एमआरआयची तपासणी पंचविशीपासून सुरू करतात. अंडाशयासाठी मात्र भरवशाची तपासणी अजूनही नाही. तिथे दोष असणाऱ्या बाईने मुलंबाळं झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा लागतो. सगळ्याला एकच औषध नाही, हे खरं. पण 'काहीच करता येत नाही' हे मात्र आता खरं राहिलेलं नाही.

आता आपल्याकडे येऊ.

आपल्याला घराण्याचा इतिहास ठेवायची हौस कमी नाही. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात. कितीतरी आडनावांचे जाडजूड कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोण कुठे मामलेदार होता, सगळं! पण त्यात दोन गोष्टी बहुधा नसतात. माणूस कशाने गेला, ते नसतं. आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीची फांदी तिच्या सासरी वळून दिसेनाशी होते. आत्या गेली की तिची मुलं दुसऱ्याच कुळात. जनुकांना हा नियम माहीत नाही. लिंच सिंड्रोम काय किंवा बीआरसीए काय, दोष असलेल्या आईकडून किंवा बापाकडून प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. आत्याचा स्तनाचा कॅन्सर भाचीसाठी तितकाच महत्त्वाचा, कारण तो दोष वडिलांमार्फत निमूटपणे येऊ शकतो. 'आईकडे कुणाला नाही ना, मग झालं' असं म्हणून चालत नाही.

आणि आपल्याकडचं मौन! 'पोरीचं लग्न व्हायचंय, कुठे बोलू नका.' 'पोटाचा विकार होता' एवढंच सांगायचं. सख्ख्या बहिणीलाही आजाराचं खरं नाव दहाव्या दिवशी कळतं. यामागे दुष्टपणा नसतो. भीती असते, लाज असते, आणि आजारी माणसाला जपायची धडपडही असते. पण या मौनाची किंमत पुढची पिढी मोजते.

दुसऱ्या बाजूने घाबरूनही जायला नको. बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात. जन्मजात जनुकदोषामुळे होणारे साधारण शंभरात पाच ते दहा. वडिलांना सत्तराव्या वर्षी, आयुष्यभर तंबाखू खाऊन तोंडाचा कॅन्सर झाला, तर त्यात मुलांनी शिकायचं ते तंबाखूबद्दल. शंका घ्यायची ती अशा वेळी: कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला, एकाच बाजूच्या दोन-तीन जवळच्या नातेवाइकांना तोच किंवा त्याच्या जोडीचा (आतडं आणि गर्भाशय, स्तन आणि अंडाशय) झाला, एकाच माणसाला दोन वेगवेगळे झाले, किंवा दोन्ही स्तनांत झाला, पुरुषाला स्तनाचा झाला. यातलं काही घरात असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही, गर्दीत त्यांना तेवढा वेळ नसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत या सल्ल्यासाठी वेगळी सोय आहे. जनुकाची तपासणी शक्यतो आधी रुग्णाची करतात. त्याच्यात दोष सापडला की नातेवाइकांमध्ये फक्त तेवढाच शोधायचा असतो, आणि ते काम सोपं आणि स्वस्त पडतं. ज्यांच्यात तो सापडत नाही त्यांच्या डोक्यावरचं ओझं कायमचं उतरतं. पॉलिनच्या घरातही सगळ्यांना तो दोष मिळालेला नव्हता, पण त्या काळी आयुष्यभर भीत जगावं लागलं सगळ्यांनाच.

जनुकांची तपासणी परवडत नसेल तरी साध्या गोष्टी उरतातच. आईवडिलांपैकी किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर, अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या नियमाप्रमाणे, चाळिशीला किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा, कोलोनोस्कोपी सुरू करतात. म्हणजे भावाला पंचेचाळिसाव्या वर्षी झाला, तर तुम्ही पस्तिशीला. तुमच्या बाबतीत काय, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण विचारा.

आणि एक कळकळीची विनंती. माणूस गेला की तेराव्यानंतर घर आवरताना त्याची औषधं आणि हॉस्पिटलची फाइल टाकून देतात. ती पिशवी डोळ्यांसमोर नकोशी होते, ते समजू शकतं. औषधं द्या टाकून. फाइल ठेवा. निदान बायोप्सीचा रिपोर्ट तरी ठेवा, आणि कागदाच्या कोपऱ्यात त्या वेळचं वय लिहून ठेवा. पुढेमागे एखाद्या भाचीला, पुतण्याला तोच कागद लागेल.

प्रश्न राहतो तो सांगायचं कुणी याचा. डॉक्टर तुमच्या चुलत बहिणीला फोन करणार नाहीत. रुग्णाची गोष्ट परस्पर दुसऱ्याला सांगणं त्यांना शोभतही नाही. ते काम घरातल्याच कुणीतरी करायचं असतं. बहुतेक घरांत असं एक माणूस असतं, ज्याला सगळ्यांचे पत्ते, वाढदिवस, कोण कुणाशी बोलत नाही ते सगळं पाठ असतं. पुष्कळदा ती एखादी मावशी किंवा काकू असते. ॲन आर्बरमध्ये ती पॉलिन होती. तिने सांगितलं ते तिच्या स्वतःच्या उपयोगी पडलं नाही, पण २००५ साली जेव्हा तिच्या घराण्याची पुन्हा नोंद झाली तेव्हा त्यात ९२९ वंशज होते. त्यातल्या कितीतरी जणांना आपण काय तपासून घ्यायचं ते वेळेवर कळलं असेल!

तुमच्या घरातलं ते माणूस तुम्हीच असाल, तर या रविवारी दोन-चार फोन करा.